वरच्या पदावरून बाहेर पडताना लोकांच्या नजरेत कसं राहायचं?

चाकणची_वाट

नमस्कार मंडळी. वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका लिस्टेड कंपनीत मी सप्लाय चेन हेड आहे, म्हणजे ऑगस्टअखेरपर्यंत आहे. परदेशी पेरेंट कंपनीने भारत, थायलंड आणि व्हिएतनामचं खरेदी खातं एकत्र करून सिंगापूरला नेलं आणि माझी जागाच संपली. कामाबद्दल कोणाची तक्रार नाही, सगळं गोडीगुलाबीने चाललंय, पण वय ४९ आहे आणि अजून दहा वर्षं तरी काम करायचंय.

अडचण अशी की वीसेक वर्षं एकाच ठिकाणी काढल्यामुळे बाहेर मला ओळखणारे सगळे 'त्या कंपनीच्या मॅडम' म्हणूनच ओळखतात. बातमी फुटल्यापासून सप्लायरचे फोन माझ्या हाताखालच्या मुलाकडे जायला लागलेत, त्यांचं चुकतं असं नाही, ऑर्डर आता तोच काढणार, पण त्यावरून मला कळलं की फोन माझ्या खुर्चीला येत होते.

लिंक्डइनवर प्रोफाइल आहे पण फोटो कुठल्याशा व्हेंडर मीटमधला आणि हेडलाइनमध्ये नुसतं 'एव्हीपी – एससीएम' (असिस्टंट व्हाइस प्रेसिडेंट, सप्लाय चेन मॅनेजमेंट). एक मैत्रीण म्हणते रोज पोस्ट टाक, नाहीतर कोणाला कळणार तू आहेस ते. नवरा म्हणतो गप्प राहा, चांगल्या माणसाला फोन आपोआप येतो. आपल्याच तोंडाने आपलं कौतुक करायचं नाही हे आमच्या घरात इतकं मुरलंय की मुलाखतीतसुद्धा मी 'आमच्या टीमने केलं' असंच म्हणते. या वयात, या पदावर, नक्की काय करायचं असतं? कोणी यातून गेलं असेल किंवा पलीकडच्या बाजूला बसत असेल तर कृपया सविस्तर लिहा.

शोधयात्री

ताई, मी मुंबईत एक्झिक्युटिव्ह सर्चमध्ये, म्हणजे कंपन्यांना वरच्या पदांसाठी माणसं शोधून देणाऱ्या फर्ममध्ये काम करते, तेव्हा पलीकडून काय दिसतं ते सांगते, थोडं लांबेल.

सर्च फर्म उमेदवारासाठी काम करत नाही, कंपनीसाठी करते. पैसे कंपनी देते, साधारण पहिल्या वर्षाच्या पगाराच्या एक तृतीयांशाच्या आसपास, आणि मोठ्या पदांच्या बाबतीत त्यातला पहिला हप्ता काम हातात घेतानाच मिळतो. कॉर्न फेरी, एगॉन झेंडर, स्पेन्सर स्टुअर्टसारख्या जगभर पसरलेल्या फर्म्स घ्या किंवा पुण्यातली चार माणसांची घ्या, पैसे येण्याची दिशा हीच. त्यामुळे 'माझ्यासाठी काही असेल तर कळवा' अशा मेलला उत्तर आलं नाही तर मनाला लावून घेऊ नका, त्या दिवशी तसं मँडेट, म्हणजे कंपनीने माणूस शोधायला दिलेलं काम, हातात नसतं एवढंच.

मँडेट आलं की पुढचं काम रिसर्च करणाऱ्या मुलामुलींकडे जातं. बहुतेक पंचविशीतली मुलं, कारखान्यात कधी काम न केलेली. ती लिंक्डइनच्या रिक्रूटरवाल्या आवृत्तीत पदाचं नाव, उद्योग, शहर, कंपन्यांची यादी टाकून शोध घेतात. 'एव्हीपी – एससीएम' हे तुमच्या कंपनीतलं अंतर्गत नाव झालं, 'हेड प्रोक्युअरमेंट' (खरेदीप्रमुख) म्हणून शोधणाऱ्याला तुम्ही सापडणारच नाही! हेडलाइनला २२० अक्षरं मिळतात, ती वापरा. 'हेड, सप्लाय चेन अँड प्रोक्युअरमेंट | ऑटो कंपोनंट्स | आयात भागांचं लोकलायझेशन, सप्लायर डेव्हलपमेंट | पुणे' असं काहीतरी, अर्थात इंग्रजीत. अबाउटमध्ये २६०० अक्षरं मावतात पण उघडण्याआधी पहिल्या दोनतीन ओळीच दिसतात, तिथे 'रिझल्ट ओरिएंटेड लीडर' वगैरे घालून जागा घालवू नका, कुठल्या कामासाठी तुम्हाला बोलवायचं ते लिहा.

आता दुसरी गोष्ट, आणि माझ्या मते तुमच्या पदावर हीच जास्त मोठी. ती मुलं फोन लावतात. त्या क्षेत्रातल्या पंधरावीस जाणत्या लोकांना विचारतात की या कामासाठी कोणाचं नाव घ्याल. आम्ही याला सोर्सिंग कॉल म्हणतो. वेगवेगळ्या तीन माणसांच्या तोंडून एकच नाव आलं की ते यादीत वर जातं, मग त्या व्यक्तीने आयुष्यात एक पोस्ट टाकलेली नसली तरी चालतं. म्हणजे तुम्ही हजारो लोकांना दिसायची गरज नाहीये, त्या क्षेत्रातल्या पन्नास-साठ लोकांना 'ती सध्या मोकळी होतेय आणि अमुक काम तिच्याइतकं कोणी करत नाही' हे एका वाक्यात सांगता आलं पाहिजे. ते वाक्य त्यांच्या तोंडी कोण घालणार? तुम्हीच, दुसरं कोणी घालत नाही. नवऱ्याचं म्हणणं अर्धं खरं आहे, फोन येतो, पण कोणीतरी नाव घेतलं तर येतो.

पुनवडीकर

शोधयात्रींच्या प्रतिसादाला +१, पण पोस्ट टाकण्याला अगदीच मोडीत काढू नये असं वाटतं. मी आयटीतून डिलिव्हरी हेड म्हणून बाहेर पडलो तेव्हा महिन्यातून दोन-तीन लेख लिहिले, आपल्याच कामातल्या अडचणींवर, आणि ते वाचून एका जुन्या क्लायंटने मेल केला. रोजच्या सुविचारांचा काही उपयोग नाही हे मान्य. पण वीस वर्षांत जे शिकलात ते कुठे लिहिलेलंच नसेल तर तुमचं नाव सुचवणारा माणूस समोरच्याला काय पाठवणार? एक लिंक तरी हवी ना?

शोधयात्री

बरोबर आहे, लिंक हवी. दोन-तीन चांगले लेख आणि ते प्रोफाइलच्या फीचर्ड भागात लावून ठेवलेले, इतकं पुरतं. माझा विरोध रोजच्या रतीबाला आहे, कारण वरच्या पदावरची माणसं त्यात दमतात आणि मग खरे फोन करायचे राहून जातात.

नाशिकची_सीएस

मी कंपनी सेक्रेटरी आहे. ताई, तुमची कंपनी लिस्टेड आहे म्हणून हे नीट वाचा. जागा संपवली तरी बऱ्याच ठिकाणी कागदावर राजीनामा घेतात. तुमच्याकडे मागितलाय का? फंक्शनल हेड, म्हणजे एखाद्या खात्याचे प्रमुख, शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीच्या नियमांत 'सीनियर मॅनेजमेंट' मध्ये येतात, आणि २०२३ च्या दुरुस्तीपासून अशा व्यक्तीचं राजीनामापत्र, तिने दिलेल्या कारणांसकट, राजीनामा लागू झाल्यापासून सात दिवसांत स्टॉक एक्सचेंजला द्यावं लागतं. म्हणजे ते पत्र बीएसई-एनएसईच्या साइटवर कोणालाही वाचता येतं, आणि पुढे तुमचं नाव शोधणारा प्रत्येक जण ते वाचू शकतो.

लोक हे पत्र एचआरने दिलेल्या नमुन्यावर सही करून मोकळे होतात, 'वैयक्तिक कारणास्तव' अशी एक ओळ. मग वाचणारा तर्क करत बसतो की आत काय भानगड झाली. तुमच्या बाबतीत कारण स्वच्छ आहे. खरेदी खातं सिंगापूरला गेलं, त्यामुळे पद संपलं, अमुक तारखेपर्यंत मी कामाचं हस्तांतर पूर्ण करतेय. तेच लिहा, दोन सभ्य वाक्यांत. तुम्ही पुढे काहीही पोस्ट केलंत तरी हे पत्र त्याहून जास्त काळ राहणार आहे.

बाकी दोन गोष्टी. नोकरी संपल्यावर स्पर्धकाकडे जायचं नाही असं कलम करारात असेल तर ते आपल्याकडे सहसा टिकत नाही, १८७२ च्या करार कायद्याचं कलम २७ आड येतं. पण नोटीस पीरियड संपेपर्यंत तुम्ही कर्मचारीच आहात, आणि गोपनीयतेचं कलम नोकरी संपली तरी लागू राहतं. त्यामुळे लेखात किंवा प्रोफाइलवर सप्लायरचे भाव, न जाहीर झालेले आकडे, येऊ घातलेल्या मॉडेलचे तपशील काहीही नको. इनसायडर ट्रेडिंगच्या नियमांत तर गेल्या सहा महिन्यांत कंपनीशी संबंध असलेला माणूसही 'कनेक्टेड', म्हणजे आतली माहिती असू शकणारा, धरला जातो. वार्षिक अहवालात किंवा प्रेस रिलीजमध्ये आलेला आकडा मात्र खुशाल वापरा.

चाकणची_वाट

बापरे, पत्राचं अजिबात माहीत नव्हतं. एचआरने नमुना पाठवलाय आणि त्यात अगदी तेच 'वैयक्तिक कारणास्तव' आहे. उद्याच बोलते त्यांच्याशी. सिंगापूरला खातं जाणं कंपनीने टाउनहॉलमध्ये (सगळ्या कर्मचाऱ्यांच्या बैठकीत) आणि एक्सचेंजलाही कळवलंय, म्हणजे ते लिहायला हरकत नसावी.

अजून एक, लिंक्डइनवरच्या त्या हिरव्या गोल पट्टीचं काय? ती लावावी का?

नाशिकची_सीएस

एक्सचेंजला कळवलं असेल तर नक्की लिहा, आणि एचआरला तेच दाखवा, त्यांनाही नाही म्हणता येणार नाही.

रारीटनकाठ

पट्टीबद्दल मी सांगतो. 'ओपन टू वर्क' मध्ये दोन पर्याय आहेत. एकात फोटोभोवती हिरवी पट्टी येते आणि ती सगळ्यांना दिसते. दुसऱ्यात फक्त रिक्रूटरना दिसतं, तुमच्याच कंपनीच्या रिक्रूटरपासून ते लपवायचा प्रयत्न करतात पण खात्री देत नाहीत हे लिंक्डइन स्वतःच लिहितं. तुमची बातमी जाहीर आहे त्यामुळे तो प्रश्न नाहीच, रिक्रूटरवाला पर्याय आजच चालू करा. अजून एक, प्रोफाइल दुरुस्त करताना नेटवर्कला कळवायचं बटण आधी बंद करा, नाहीतर पदाचं नाव बदललं की अभिनंदनाचे शंभर मेसेज येतील आणि प्रत्येकाला खुलासा करत बसावं लागेल.

मी न्यू जर्सीत आहे, इथे लोक ही पट्टी बिनदिक्कत लावतात, डायरेक्टर, व्हीपीसुद्धा. त्याला एक कारणही आहे. एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असलेल्याची नोकरी गेली तर नवा मालक शोधायला जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात, त्यात लाजायला वेळ कुठला? आमच्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लोक पहिल्याच दिवशी स्पष्ट लिहितात की जागा गेली, हे काम करतो, या तारखेपर्यंत मुदत आहे. आणि लोक धावून येतात, खरंच येतात! भारतात वरच्या पदासाठी सार्वजनिक पट्टी नको असं म्हणतात, इथल्यांनी सांगावं.

शोधयात्री

माझं मत, व्हीपीच्या वर शक्यतो नको. पट्टी लावलेल्या कोणाला मी कधी नाकारलेलं नाही, पण काही क्लायंट 'आम्हाला नोकरीत असलेलाच माणूस दाखवा' म्हणतात, चुकीचं आहे ते, पण म्हणतात. रिक्रूटरवाल्या पर्यायाने तेवढंच काम होतं.

कोरा_कागद

ओळखीपाळखीच्या मुद्द्यावर थोडं. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये यावर लिहिलं होतं. बॉस्टनजवळच्या न्यूटनमधल्या, ओळखीतून नोकरी मिळालेल्या लोकांना त्याने विचारलं की ती ओळख किती जवळची होती. वारंवार भेटणारा माणूस फक्त १६.७ टक्के लोकांच्या बाबतीत कामी आला होता, ५५.६ टक्क्यांना अधूनमधून भेटणाऱ्याने सांगितलं होतं आणि २७.८ टक्क्यांना क्वचित भेटणाऱ्याने. पुढे २०२२ मध्ये लिंक्डइनवरच्या सुमारे दोन कोटी लोकांवरच्या प्रयोगांचा अभ्यास 'सायन्स' मध्ये आला, त्यातही फार जवळच्या नाहीत आणि फार लांबच्याही नाहीत अशा मध्यम ओळखी सगळ्यात उपयोगी ठरल्या.

कारण सरळ आहे, जे रोज आपल्याबरोबर जेवतात त्यांना आपल्याला माहीत असलेल्याच जागा माहीत असतात. म्हणून ताई, यादी करताना सध्याच्या सहकाऱ्यांपासून सुरुवात करू नका. दहा वर्षांपूर्वी कंपनी सोडून गेलेले, एखाद्या ऑडिटला आलेले, एमसीसीआयए किंवा सीआयआय अशा उद्योग संघटनांच्या कार्यक्रमात शेजारी बसलेले, तुमच्या सप्लायरच्या दुसऱ्या गिऱ्हाइकांचे खरेदीवाले, असे लोक आधी घ्या. सप्लायर तर सोन्याची खाण आहे. तुमच्या ऑर्डर आता दुसरा काढतोय हे खरं, पण एक सप्लायर पाच-सात कंपन्यांच्या दारात जातो, कुठे कोण सोडून चाललंय हे त्याला सर्च फर्मच्या आधी कळतं.

गोदाकाठ

मी सरकारी बँकेतून जनरल मॅनेजर म्हणून निवृत्त झालो. एक वेगळी वाट सुचवतो, पूर्णवेळ नोकरीच्या जोडीने. स्वतंत्र संचालक, म्हणजे कंपनीच्या बोर्डावरचा, कंपनीशी हितसंबंध नसलेला बाहेरचा संचालक. कॉर्पोरेट मंत्रालयाने डिसेंबर २०१९ पासून यासाठी डेटाबँक सुरू केली, ती मानेसरची आयआयसीए संस्था चालवते. त्यात नाव नोंदवायचं आणि दोन वर्षांच्या आत ऑनलाइन परीक्षा द्यायची, पास व्हायला ५० टक्के लागतात. परीक्षा घरी बसून देता येते, कंपनी कायदा, सेबीचे नियम आणि थोडे हिशेब आले पाहिजेत.

तुमच्या दृष्टीने महत्त्वाचं म्हणजे बाजारमूल्याने पहिल्या १००० लिस्टेड कंपन्यांच्या बोर्डावर किमान एक स्वतंत्र महिला संचालक १ एप्रिल २०२० पासून सक्तीची आहे. त्यातल्या बऱ्याच जागांवर वकील, सीए आणि बँकर आहेत, कारखान्यातून, खरेदीतून आलेली बाई क्वचित दिसते. मी ज्या बोर्डावर आहे तिथे पुरवठ्याचे प्रश्न आले की सगळे एकमेकांकडे बघतात! स्वतःच्या जुन्या कंपनीत किंवा तिच्या ग्रुपमध्ये तीन आर्थिक वर्षं हे पद घेता येत नाही हे लक्षात ठेवा.

पण डेटाबँकेत नाव आलं म्हणजे फोन येईल या भरवशावर राहू नका. मला बोर्डावरची जागा मिळाली ती एका सनदी लेखापालामुळे, ज्यांच्याबरोबर मी पूर्वी अनेक बँकांनी मिळून दिलेल्या (कन्सॉर्शियमच्या) एका कर्जावर काम केलं होतं.

चाकणची_वाट

सगळ्यांचे मनापासून आभार. पत्र बदलून घेतलं, दोन दिवस लागले पण एचआर तयार झालं. हेडलाइन बदलली, फोटो नवा काढला. बोर्डाचं मी स्वतःहून कधीच मनात आणलं नसतं, गोदाकाठ काका, परीक्षेचं नक्की बघते.

यादी केली, आणि पाठवायचा मेसेज लिहिलाय, तो इथे टाकते, कृपया सुधारा:

'नमस्कार सर, आपण कुशल असाल अशी आशा. मी सध्या नवीन संधींच्या शोधात आहे. सप्लाय चेन क्षेत्रात मला दीर्घ अनुभव आहे. आपल्या माहितीत योग्य काही असल्यास कृपया कळवावे. बायोडाटा सोबत जोडला आहे.'

शोधयात्री

ताई, स्पष्ट बोलते. हा मेसेज वाचून माणूस 'नक्की कळवतो' लिहितो आणि विसरतो, कारण त्याला करण्यासारखं त्यात काही नाही. 'योग्य काही' म्हणजे काय हे त्याने ठरवायचं? आणि बायोडाटा आला की तो एचआरला फॉरवर्ड होतो, विषय संपला. तुम्ही दोघांनी एकत्र केलेलं एखादं काम आठवा आणि तिथून सुरू करा. गाड्यांच्या धुराचे बीएस-६ नियम आले त्या वेळी तुम्ही काय करत होतात?

चाकणची_वाट

१ एप्रिल २०२० ची तारीख ठरलेली होती, त्याआधी इंजिनाचे बरेच भाग बदलले, सुरुवातीला त्यातले पुष्कळ बाहेरून यायचे. तीन भाग आम्ही चाकण आणि रांजणगावच्या सप्लायरकडून करून घेतले, त्यातला एक जण आधी फक्त ट्रॅक्टरचं काम करायचा, त्याच्याकडे मोजमापाची मशिन्सच नव्हती, आमच्या क्वालिटीची मुलं तिथे जाऊन बसायची. आणि नंतर २०२१ मध्ये चिपचा तुटवडा आला तेव्हा बाहेरच्या भागांवरचा भार आधीच कमी झालेला असल्याचा खूप फायदा झाला. टीमने केलं सगळं, पण त्या ट्रॅक्टरवाल्याला घ्यायचं हा निर्णय माझा होता, पुष्कळ विरोध झाला होता त्याला.

शोधयात्री

हेच! हे कुठेच लिहिलेलं नाहीये तुमच्या प्रोफाइलवर. 'टीमने केलं' हे खरंच आहे, ते सोडू नका, पण 'निर्णय माझा होता' हेही तितकंच खरं आहे आणि तेवढं वाक्य म्हटल्याने कोणाचं श्रेय कमी होत नाही. मी मेसेज असा करेन:

'नमस्कार सर, बीएस-६ च्या वेळी रांजणगावच्या त्या सप्लायरसाठी आपण एकत्र बसलो होतो, त्यानंतर निवांत बोलणं झालं नाही. आमचं खरेदी खातं सिंगापूरला गेलंय, त्यामुळे मी ऑगस्टअखेर मोकळी होतेय. बाहेरून येणारे भाग इथल्या सप्लायरकडून उभे करणं हे माझं काम, पुढेही तेच करायचंय, शक्यतो मध्यम आकाराच्या कंपनीत. इलेक्ट्रिक गाड्यांच्या भागांत हे सध्या कोण कसं करतंय ते तुमच्याकडून समजून घ्यायचंय. गुरुवारी किंवा शुक्रवारी संध्याकाळी वीस मिनिटं फोनवर जमेल का?'

बायोडाटा जोडू नका. मागितला की पाठवा.

पुनवडीकर

मस्त झालाय. आणि ताई, ट्रॅक्टरवाल्या सप्लायरचा किस्सा हाच तुमचा पहिला लेख, नावं आणि भाव वगळून. मशिन नसलेल्या माणसाला का निवडलं, विरोध काय होता, नंतर काय झालं. खरेदीवाले असं लिहीत नाहीत, म्हणून तो वाचला जाईल.

चाकणची_वाट

थोडी प्रगती सांगते. पहिल्या काही मेसेजना उत्तरं आली, सगळ्यांची नाही पण वाटलं त्यापेक्षा बरीच. एका जुन्या सहकाऱ्याशी वीस मिनिटांऐवजी तासभर बोलणं झालं आणि त्याने आपणहून दोघांची नावं दिली. आणि काल एका सर्च फर्ममधून मुलीचा फोन आला, पण तो माझ्यासाठी नव्हता, चेन्नईच्या एका प्लांट हेडच्या जागेसाठी कोणाचं नाव सुचवाल असं विचारत होती. मी दोन नावं दिली. शोधयात्री, अशा वेळी स्वतःचं सांगावं का? मी नाही सांगितलं, बरं वाटेना.

शोधयात्री

नावं दिलीत हे फार चांगलं केलंत, कोणी नीट नावं दिली हे आम्ही लक्षात ठेवतो आणि त्याच माणसाला पुन्हा फोन लावतो. आता तिला मेल करा, अजून उशीर झालेला नाही. दिलेल्या दोन माणसांबद्दल एकेक ओळ, आणि शेवटी एकच वाक्य, की मी ऑगस्टअखेर मोकळी होतेय, सप्लाय चेन किंवा खरेदीचं प्रमुखपद असेल तर मला फोन करा, पुणे सोडायची तयारी आहे की नाही तेही लिहा. ती ते डेटाबेसमध्ये टाकेल आणि ती नोंद वर्षानुवर्षं राहते. त्यात न बरं वाटण्यासारखं काही नाही, तिला तिच्या कामासाठी ही माहिती हवीच असते.

कोरा_कागद

आणि ज्यांची नावं दिलीत त्या दोघांनाही कळवा की तुमचं नाव दिलंय.

मावळतीचं_ऊन

ताई, माझे मिस्टर फार्मात रेग्युलेटरी हेड होते, मार्चपासून घरी आहेत आणि कोणाला सांगायलाच तयार नाहीत. तो मेसेज त्यांच्यासाठी वापरला तर चालेल का? आणि सुरुवात कोणापासून करायला सांगू त्यांना?

चाकणची_वाट

अगदी वापरा. सुरुवात मी अशा माणसापासून केली ज्याचं माझ्याकडे काही काम नव्हतं आणि माझंही त्याच्याकडे नव्हतं, म्हणून बोलणं सोपं गेलं. त्यांना म्हणावं एखाद्या अवघड तपासणीच्या वेळी बरोबर असलेला जुना सहकारी आठवा आणि फक्त त्या एकालाच लिहा आधी. मेसेज लिहून झाला तर इथे टाका, सगळे मिळून बघू.